पांढरं पॉपलिन, काळं अस्तर

साटीनवर सगळ्या पोरी तेल लावल्यासारख्या चकाकत होत्या. तोंड मात्र एकीचंही दिसत नव्हतं.

"हे न्हाई," ईश्वरी म्हणाली. "मधी नुसता उजेडाचा गोळा झालाय. काढा."

तिच्या नवऱ्यानं, केदारनाथनं, साटीनचा तागा गुंडाळला आणि दुसरा उलगडायला घेतला. नांदूरघाटातलं त्यांचं कापडाचं दुकान आज दुपारीच बंद झालं होतं. शटर खाली, फटीला पोती, आणि स्टुलावर मंडपवाल्या अंगदकडून मागून आणलेला प्रोजेक्टर. तिकडं कर्नाटकात खो-खोचा अंतिम सामना थोड्या वेळात सुरू व्हायचा होता आणि महाराष्ट्राच्या संघात केदारनाथची धाकटी बहीण होती, शिवलीला. मोबाइलवर पोरींचा सराव चालू होता, तोच समोर मोठा होऊन पडत होता.

गादीच्या कडेला केदारनाथची आई बसली होती, दानम्मा. मांडीवर कालवलेल्या हळदीची वाटी. कालचा सामना तिनं मोबाइलवर पाहिला होता. पाहिला म्हणजे, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या.

"मुंग्याच की त्या," ती शेजारच्या वनमालाला सांगत होती. "पोटची पोर, अन् मला इचारावं लागलं, ह्यातली माझी कोणची म्हणून."

"आज आमी इचारणार न्हाई अन् सांगणार बी न्हाई," ईश्वरी म्हणाली. "आत्याबाई, आज तुमीच आमाला दाखवायची."

पायाच्या अंगठ्याला अडकवलेल्या दोरीनं ती झोळी हलवत होती. झोळीत बाळ होतं. ते झोपलंय तोवर काय ते उरकायचं.

मांजरपाट लावलं. पोरींची तोंडं खरबरीत आणि पिवळट आली.

"समद्यांना कावीळच झाली का काय," वनमाला म्हणाली.

पॉपलिन लावलं. माती तांबडी दिसली, टी-शर्टचा निळा निळाच दिसला, पण सगळं धुवून धुवून विटल्यागत.

केदारनाथनं कमरेवर हात ठेवले. "दुकानभर कापड, अन् एक पडदा जमंना. आता काय धोतर सोडून लावू?"

"नगं बाबा," वनमाला म्हणाली, "सामना बघायला आलाव आमी."

ईश्वरीनं दोरी नवऱ्याच्या हातात दिली आणि ती कापडाच्या मागं गेली. तिथं साड्यांच्या कप्प्यांवरही पोरी पळत होत्या. घड्यांवरून, काठांवरून.

"आवो, निम्मा सामना इकडंच चाललाय," ती मागून हसत म्हणाली. "उजेड आरपार येतोय. त्याला अडवलं पाहिजे. काळं अस्तर द्या बरं, ब्लाउजचं."

"काळं?" दानम्मा ताठ झाली. "पोरीच्या सामन्याला काळं लावती व्हय?"

"संक्रांतीला काळंच नेसतो की आपण. अन् ह्याला बोरन्हाणाला काळंच झबलं शिवलतं तुमी."

दानम्मानं झोळीकडं पाहिलं.

अस्तर पॉपलिनच्या मागं गेलं. चारी बाजूंनी ताणून पिना लावल्या. ईश्वरी बाजूला झाली आणि चित्र एकदम पुढं आलं. एका पोरीच्या गुडघ्यावरची खपलीसुद्धा दिसली.

"आयला," केदारनाथ हळूच म्हणाला.

दानम्मा उठली. तिची बोटं हळदीनं भरली होती. त्या घरात नव्या कापडाला हळद लागल्याशिवाय ते कुणी वापरत नसे.

ईश्वरी आडवी आली. "आत्याबाई, नका. डाग पडंल. मग पोरी दिसायच्या कशा?"

"कोरं पांढरं असंच लावत्यात का कुठं? मयत हाय का घरात?"

"मग इबूत लावा. पांढऱ्यावर पांढरी, कुणाला कळायची न्हाई."

"इबूत कपाळाला. कापडाला हळदच."

"सामना झाल्यावर लावा. मी सोता कुंकवाची कोयरी आणून देते."

दानम्मा बसली. वाटी मांडीवर आणि बोटं वाटीतच.

ईश्वरीनं दोरी परत अंगठ्याला अडकवली. सामना सुरू झाला. पाळी महाराष्ट्राची होती, पाठलागाची. पोरी ओळीनं उकिडव्या बसल्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. केदारनाथनं न राहवून बोट दाखवलं. "ती बघ आई, लीला. आपल्याकडं बघतीय ती."

"ती न्हवं."

"आगं, तीच."

"तिच्या पल्याडची. पाठमोरी बसलीय ती." दानम्माची नजर हलली नव्हती. "येणी कॉलरीतनं आत घातलीय, दिसती का? भाकरी थापताना अशीच घालती."

केदारनाथनं वाकून पाठीवरचा आकडा पाहिला. लीलाचाच. त्यानं बोट खाली घेतलं. ईश्वरीनं दानम्माकडं पाहिलं आणि दोरी ओढायची विसरली.

समोर आता पाळीची शेवटची धावपळ चालली होती. एकच गडी बाद व्हायचा राहिला होता आणि तो शिवलीलाच्या समोरून निसटत होता. मागून पाठलाग करणारी पोर धापा टाकत येत होती. शिवलीला चवड्यांवर उचलली गेली होती.

"तिला द्या की," दानम्मा म्हणाली. "तिला द्या, ती धरती."

ती कधी उठली, कुणाला कळलं नाही. पडद्याच्या कडेला उभी राहून तिनं हात लांब केला. निम्म्या पोरी तिच्या पदरावरून पळाल्या.

"खो," ती म्हणाली, आणि पोरीच्या पाठीवर पंजा टेकवला.

शिवलीला सुटली. पार पलीकडच्या खांबाकडं, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला. दुकानात सगळ्यांनी एकदम आवाज केला आणि झोळीत बाळ जागं झालं.

खो देणारी पोर तिच्या जागी येऊन बसली. तिच्या पाठीवर पाच पिवळी बोटं होती.