डावीकडचा ब्रेक

चकचकीत गाड्या सोडून संपतरावांनी लेक ओवीसाठी ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी उचलली, कारण तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक होता. अठरा वर्षांच्या पोरीच्या हाती स्टिअरिंग द्यायला त्यांचा जीव धजत नव्हता. जन्मभर गल्लीच्या खोड्या काढणाऱ्या माणसानं ब्रेकपुढं भाजीची पिशवी उभी केली आणि स्वारी साळसूदपणे तिच्या शेजारी बसली.

"चल, मंडईत ने. बघू तुझा हात!"

वळणावर म्हैस आडवी आली. संपतरावांनी पिशवीमागनं पाय दाबला, गाडी थांबली. पुढं रिक्षा घुसली. पुन्हा दाबला, पुन्हा थांबली. पोरीला पत्ताच नाही! संपतराव गालातल्या गालात हसले.

मंडईपाशी गाडी लावून ओवी म्हणाली, "पप्पा, पाय दुखला असेल ना? तुमच्या बाजूचं ते पेडल मी कालच मेकॅनिककडनं ब्रेकपासून सोडवून घेतलंय. मी असल्याच गाडीवर शिकले, विसरलात?"

"मग म्हैस? रिक्षा?"

"मीच थांबवली की गाडी."

संपतरावांनी पिशवी मागं टाकली, चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"मंडई राहू दे. घाटातनं पाचगणीला घे."