पाऊण मैल

शाळेची हजेरी बघणारे हाजिरीसाहेब कवडूच्या अंगणातल्या पालथ्या डोंग्यावर बसले. कवडूच्या बायकोने, धुरपताने, त्यांच्यासाठी बाज आणून टाकली होती, पण साहेबांना डोंगाच सोयीचा वाटला. धुरपता आत गेली. गेल्या श्रावणात तिचा थोरला पोरगा हाच डोंगा वल्हवत शाळेला निघाला होता. डोंगा परत आला. पोरगा आला नाही. तेव्हापासून डोंगा कोणी सरळ केला नव्हता.

"कवडू, पोरगी शाळेत काऊन नाही रे?" साहेबांनी मुलखाची भाषा पोटापुरती उचलली होती.

"घरीच शिकवून राहिलो जी. माही चौथी झाली हाये. पोरगी वाचते, पाढे म्हनते."

"घरचं शिकणं कायद्यात बसत नाही. शाळा मैलाच्या आत असली की मूल शाळेतच पाहिजे. नाहीतर दंड. मग कोर्ट."

"शाळा तीन कोस हाये, साहेब. मधात रान लागते."

साहेबांनी डोंग्याच्या पाठीवर नकाशा पसरला आणि त्यावर पट्टी ठेवली. अलीकडे घर, पलीकडे शाळा, मधे निळा रंग. पट्टी जराही न भिजता पलीकडे पोचली.

"पाऊण मैल," साहेब म्हणाले.

"तो तलाव हाये जी."

"असेल. कायद्यात अंतर दिलंय, तलाव दिलेला नाही." तेवढ्यात पलीकडच्या शाळेची घंटा पाण्यावरून ठणठणत आली. "बघ! ऐकू येते म्हणजे जवळच."

कवडूने पाण्यापलीकडे पाहिलं. नुकतीच राज्याची राजधानी नागपूरहून उचलून मुंबईला नेली होती, त्याला एका दमडीची अडचण आली नव्हती. शाळा मात्र तलावाच्या ह्या काठाला यायला तयार नव्हती.

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला.

"एक सूट आहे. मूल बुद्धीनं मंद असलं तर. मी परीक्षा घेतो. पोरगी नीट नापास झाली की तू सुटलास."

दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली आठ वर्षांची जमुना परीक्षा म्हटल्याबरोबर पुढे आली. परकराला हात पुसून साहेबांसमोर ताठ उभी राहिली. साहेबांनी शिदोरीला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद सोडवला आणि ठळक ओळीवर बोट ठेवलं.

"काय लिहिलंय, पोरी?"

जमुनाचे ओठ उघडले. पहिलं अक्षर जिभेवर आलंच होतं, तेवढ्यात तिने बापाकडे पाहिलं. कवडूने मान हलवली, तीही इतकीच की नाकावरची माशी उठली नसती.

"नाई येत," जमुना म्हणाली.

"दोन आन् दोन?"

तिने पुन्हा बापाकडे पाहिलं. ह्या खेपेला कवडू जमिनीकडे बघत होता.

"नाई येत."

"शाब्बास!" साहेब खूश झाले. पोरगी मंद असल्याचं त्यांनी लिहून काढलं आणि कागद पुढे केला. कवडूने सहीसाठी टाक मागितला, तर साहेबांनी शाईची डबी सरकवली. मंद पोरीच्या बापाला अंगठाच शोभतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"दर तिमाहीला येऊन बघीन. पोरीत सुधारणा दिसली तर सूट रद्द. तेवढं सांभाळ." मग ते घाईने उठले. "चल रे गाडीवान, शाळेवर मुक्काम आहे. उजेड आहे तोवर रान पार झालं पाहिजे. वाघाचा काही नेम नाही."

"समोरच तं हाये शाळा," कवडू म्हणाला.

साहेबांना ते ऐकू गेलं नसावं. गाडी तलावाला वळसा घालायला लागली.

शिदोरीचा कागद डोंग्यावरच राहिला होता. कवडूने तो हाताने सपाट केला, तेलाचा डाग पुसला आणि पोरीपुढे धरला.

"वाच वं बाई. गेले साहेब."

जमुनाने कागदाकडे पाहिलं. मग काठाकाठाने सरकणाऱ्या गाडीकडे पाहिलं. तीन कोसांची वाट होती. गाडी अजून बराच वेळ दिसणार होती.

"दिसून राहिले अजून," ती म्हणाली, आणि कागद डोंग्यावर पालथा घातला.