पानाबाहेर निघालेली होडी

रिगा शहरातल्या छापखान्यात आउस्माने स्वतः कोरलेल्या, शाई लावलेल्या लाकडी ठोकळ्यावरून कागद उचलला आणि पाहिलं. होडीचं तोंड भलतीकडेच, पानाच्या बाहेरच्या कडेकडे झालं होतं!

"छापताना डाव्याचं उजवं होतं, विसरलीस ना पोरी?" म्हातारे प्रकाशक गरजले. "पहिलंच चित्र, आणि होडी निघाली पानाबाहेर!"

मुलांच्या गोष्टींचं हे पुस्तक आता दुसऱ्या चित्रकाराकडे जाणार, हे तिने ओळखलं.

पण हातात घेतलेला कागद प्रकाशक खाली ठेवीनात. "अगं, ही होडी कुठे पोचली, हे बघायला कुठलंही पोर पुढचं पान उघडेलच की! सगळी चित्रं तूच कोर."

आउस्मा कसली थांबते! तिने नवा ठोकळा पुढे ओढला. होडी तर निघून गेली होती. तिला आता किनारा द्यायला हवा होता.