बोटभर फट

होडीच्या इंजिनात पाण्याचा नवा पंप जावयाने झटक्यात बसवला. घोडं अडलं ते पंख्यासकटचा खालचा भाग परत चढवताना. सगळा भाग वर जायचा आणि शेवटी बोटभर फट राहायचीच. शेडच्या दारात स्टुलावर बसलेले सासरे दरवेळी एवढंच म्हणायचे, "अंहं. उतरवा, जावईबापू."

चौथ्यांदा उतरवला तेव्हा जावई कोपरापर्यंत ग्रीसने माखला होता आणि सासऱ्यांसमोर त्याची अब्रू पार गेली होती.

तेवढ्यात घरातून सासूबाईंची हाक आली, "अहो, दादा निघाला हो!"

सासरे टुणकन उठले. "आता गिअर टाका आणि पंखा हाताने जरासा फिरवा."

जावयाने फिरवला. आतले दात जुळले, फट मिटली, भाग गपकन बसला.

"बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं, तर आपण दोघं आत बसून माझ्या मेव्हण्याच्या मूतखड्याची गोष्ट ऐकत असतो. पहिल्यापासून."

जावयाने बोल्ट आवळले. दोघं घराकडे वळणार, तोच फाटकाशी गाडी परत येऊन थांबली. दादा चष्मा विसरले होते.

जावयाने पाना पुन्हा उचलला आणि जरा मोठ्यानेच म्हणाला, "बाबा, पाण्याची नळी पंपात गेलीच नाही असं वाटतंय. उघडावं लागणार."

सासऱ्यांनी स्टूल आत ओढून घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सावकाश उघड, बाळा."