राहून गेलेला निरोप

दवाखान्यात आणलं तरी नीलव्वा कानाशी धरलेला फोन सोडेना. सकाळी अक्कलकोटहून तिच्याशी बोलता बोलताच तिची आई कोसळली आणि गेली. तिथल्या शेजाऱ्यांनी तिच्या नवऱ्याला, दिगंबरला, कळवलं होतं, पण नीलव्वाला सांगायचं कसं? त्याच्या हाकेला ती परक्यासारखी बघत होती. एरवी त्याच्याशी मराठीतच बोलणाऱ्या तिला आता मराठीचं अक्षर कळत नव्हतं.

"अपघातानंतर यांच्या मेंदूत भाषेचं यंत्र बसवलं," इंजिनिअर मृदुला म्हणाली. "मराठीचं, आणि त्याच्या पोटात कन्नडचं. आईशी बोलायला लागल्या की आतलं यंत्र ताबा घेतं. आईने निरोप दिला की ताबा पुन्हा मराठीकडे येतो. आज निरोपच आला नाही. आतलं यंत्र असंच ताटकळत राहिलं, तर संध्याकाळपर्यंत मराठी पुसली जाईल."

"मग बंद करून टाका ना ते!"

"दोन्ही भाषा जातील. निरोपच द्यायला हवा. आवाज कुणाचाही चालेल."

सासूबाईंचे ते शब्द दिगंबरला पाठ होते. त्यांच्याकडे लेकीला नुसतं 'जा' म्हणत नाहीत, 'जाऊन ये' म्हणतात. पण आई असेपर्यंत ते दुसऱ्या कुणी म्हणायचं नसतं.

त्याने तिच्या कानाशी धरलेला फोन हळूच काढून घेतला.

"होगि बा, मगळे."

नीलव्वाने दचकून वर पाहिलं. रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग स्वच्छ मराठीत तिने विचारलं, "हे तुम्ही का म्हणालात? माझी अव्वा कुठंय?"