धडा सातवा : प्रेक्षणीय स्थळं

जपानीच्या वर्गातले सगळे पंधराव्या धड्यावर पोचले, पण निवृत्त पोस्टमनकाका सातव्यावरून ढिम्म हलेनात. फुजी पर्वत, सोनेरी मंदिर, नाराची हरणं, रोज तेच.

“काका, हा धडा तुम्हाला तोंडपाठ आहे. मग घोडं अडलंय कुठे?” मॅडमनी विचारलं.

“पुढच्या धड्यांत रेकॉर्डिंगमधली बाई आपली एकटीच बोलत सुटते हो. सातव्यात ती विचारते.”

म्हातारा चेष्टा करतोय असं वाटून मॅडम हसल्या.

काकांनी घरी येऊन कुलूप काढलं, चहा टाकला आणि सातवा धडा लावला.

“काल तुम्ही कुठे गेला होतात?” बाईने जपानीत विचारलं आणि ती उत्तरासाठी थांबली.

पुस्तकातलं उत्तर होतं, फुजी पर्वत पाहायला. काकांनी सरळ आपल्या भाषेत सांगून टाकलं, “जाणार कुठे? डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मोतीबिंदू पिकलाय म्हणे.”

“अरे वा! कोणाबरोबर गेला होतात?”

“एकटाच.”

बाई ठरल्याप्रमाणे थोडा वेळ थांबली.

“अगदी बरोबर!” ती आनंदाने म्हणाली.