हिरव्या बोयाला वळसा

तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडू लागले आणि लाकडी धक्क्यावर टाळ्या पडल्या. महादी अजूनही दुआ पुटपुटत होता; त्याच्या बायकोने, झहराने, श्रेय काल बदललेल्या डिझेलच्या गाळणीला दिले.

लंगकावीच्या या बोटवस्तीचा नियम एवढाच होता : वर्षातून एकदा प्रत्येक बोटीने बाहेर समुद्रात तरंगणाऱ्या हिरव्या बोयाला वळसा घालून परत यायचे. जी जाणार नाही ती बोट नव्हे, घर. आणि घरांना धक्क्यावर जागा नाही. झहराच्या बोटीवर पांदानच्या कुंड्या होत्या, फळीवर कपबश्या होत्या. दुसरे घर नव्हते.

शेजारच्या बोटीवर पाक लोंग देरामान लुंगी सावरून कॉफी पीत बसले होते. त्यांची पाळी दुपारी होती आणि त्यांचे इंजिन रमजानपासून बंद होते. झहराने ओढून न्यायची तयारी दाखवली, तेव्हा म्हातारा उखडला होता. "दोरी बांधून चरायला न्यायला मी काय बकरी आहे?"

महादीने दोर सोडले. बोट स्वतःच्या अर्ध्या लांबीइतकी सरकली आणि थांबली.

पंख्यामागे फेस उसळत होता, म्हणजे जोर लागत होता. तरी बोट जागची हलेना, म्हणजे तेवढाच जोर कशाचा तरी उलट लागत होता. झहराने मागे पाहिले. शेवाळाने हिरवा झालेला जाड दोर पाण्यातून वर येऊन ताणला गेला होता : एक टोक तिच्या बोटीच्या मागच्या खुंटाला, दुसरे पाक लोंगच्या पुढच्या. गेल्या वादळात दोन्ही बोटी एकमेकींना बांधल्या होत्या. वादळ ओसरल्यावर तो सोडायचा राहून गेला होता.

"पाक लोंग, सोडा तो दोर," धक्क्याचा अधिकारी फौझान म्हणाला; झहराला तो काक, म्हणजे ताई, म्हणे. "काक झहराची जागा जाईल अशाने."

पाक लोंगनी कप खाली ठेवला. गाठ हाताच्या अंतरावर होती. त्यांनी गाठीकडे पाहिले, मग फौझानकडे. मग ते उठून मागे गेले आणि आपली बोट धक्क्याला बांधणारे दोर एकामागून एक सोडू लागले.

दोन्ही बोटी निघाल्या. दगडी बांध ओलांडताच पहिली खरी लाट खालून गेली. फळीवरच्या कपबश्या एकदम कोसळल्या, आणि आपण मोठ्याने हसतो आहोत हे झहराला जरा उशिराच कळले. मागच्या बोटीने नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यात खुपसली आणि वर काढली. तिच्या पोटाला चिकटलेले शिंपले उन्हात चमकले.

बोया डावीकडे ठेवून झहराने सुकाणू फिरवले. मागची बोटही वळली.

बांधाच्या टोकाशी धापा टाकत पोहोचलेला फौझान ओरडला, "काक, परीक्षा नेमकी कुणाची चाललीय?"

उत्तर मागून आले. पाक लोंगनी दोन्ही हातांनी सुकाणू धरले होते.

"ते तू नंतर ठरव. झहरा, वेग वाढव गं, बकरी मागे पडतेय."